बोटाचा खर्च कुणाच्या वहीत?

भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये ‘सेफ्टी परवडत नाही’ हे मी वारंवार ऐकतो. हिशेब तपासू. जुन्या की-क्लच पॉवर प्रेसचा रॅम एकदा सुटला की फेरा पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. तिथे हात आत जाताच मशीन थांबवणारा लाइट कर्टन निरुपयोगी. न्यूमॅटिक क्लच हवा, आणि तो खर्च मोठा. डायपुढची पक्की जाळी त्यामानाने स्वस्त. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम २१नुसार धोकादायक भागाला आडोसा सक्तीचाच होता.

बोट गेले तर? कायद्याच्या परिशिष्टात अख्खी तर्जनी म्हणजे १४ टक्के कमाईक्षमता, अंगठा ३० टक्के. विमाधारकाला ही भरपाई कामगार विमा महामंडळ देते. मालकाचा हप्ता अपघात होवो न होवो, तेवढाच. जाळीचा खर्च त्याच्या वहीत चढतो, बोटाचा चढत नाही. म्हणूनच हा निर्णय मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही.