गुडघ्यातली दोरी

मुलांनो, वाचायला लागण्यापूर्वी एक काम करा. ओट्यावर नाहीतर खुर्चीवर बसा, पाय खाली सोडा आणि गुडघ्यावर तळहात ठेवून पाय हळूहळू सरळ करा. हाताखाली एक चपटी चकती सरकते ना, ती गुडघ्याची वाटी. तिच्याखाली बोटं न्या, एक टणक उंचवटा लागेल. तो नडगीच्या हाडाचा. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. इतकं सगळं हाताला लागतं. पण मी आज जिच्याबद्दल सांगणार आहे, ती वस्तू कितीही चाचपलं तरी सापडायची नाही. ती वाटीच्या मागं, दोन हाडांच्या मधोमध दडून बसलेली असते. लांबी तीन-साडेतीन सेंटिमीटर आणि जाडी साधारण तुमच्या करंगळीएवढी.

हिच्यापायी आपल्या बीड जिल्ह्यातला एक मोठा धावपटू थांबला होता.

आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव आणि अविनाश साबळे त्याचं नाव. जन्म १९९४ चा, घर शेतकऱ्याचं. शाळा सहा किलोमीटर लांब. त्यामुळं लहानपणी कधी चालत तर कधी पळत शाळा गाठायची. पुढं तो सैन्यात गेला आणि तिथं त्याची खरी शर्यत सुरू झाली, ती म्हणजे स्टीपलचेस. अंतर ३००० मीटर. त्यात २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची. हे अडथळे चांगले जड असतात बरं का! पाय लागला तरी ते पडत नाहीत, पडतो तो माणूस. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाशला रौप्यपदक मिळालं. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूत आणि त्याच्यात फरक होता फक्त ०.०५ सेकंदाचा! २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तर त्यानं सुवर्णच आणलं.

आणि मग ११ जुलै २०२५ उजाडला. मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर तो पडला. तपासणीत निघालं की गुडघ्यातली ती आतली दोरी फाटली आहे आणि शिवाय गादीलाही इजा झाली आहे. शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

आता ही दोरी आणि ही गादी म्हणजे काय?

दाराच्या बिजागरीत खिळा असतो, म्हणून दार जागचं हलत नाही. गुडघ्यात खिळा नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोलसर, घागरीच्या बुडासारखं. नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. सपाट जागी गोल घागर ठेवली तर ती लवंडणारच. आपल्या आया-बाया डोक्यावर घागर घेताना खाली काय ठेवतात? चुंबळ! गुडघ्यातही तशाच दोन चुंबळी असतात, फक्त एका बाजूनं उघड्या, चंद्रकोरीसारख्या. हीच ती गादी. डॉक्टर तिला मेनिस्कस म्हणतात.

घागर बसली, पण ती घसरू नये म्हणून बांधायला नको? त्यासाठी आत दोन दोऱ्या एकमेकींवर फुलीसारख्या गेलेल्या असतात. त्यातली पुढची दोरी नडगीला पुढं सरकू देत नाही आणि गुडघ्याला जास्त पिळू देत नाही. तिचं नाव एसीएल.

पळता पळता पाऊल जमिनीत घट्ट रुततं आणि अंग मात्र दुसरीकडं वळतं, किंवा उडीनंतर एका पायावर उतरताना गुडघा आतल्या बाजूला कलतो, अशा वेळी सगळा पीळ या करंगळीएवढ्या दोरीवर येतो. खो-खोत खांबाला वळसा घालताना, कबड्डीत पकडीतून निसटताना हेच होतं. समोरच्यानं धक्का द्यावा लागतो असंही नाही. गुडघे थोडे वाकवून, दोन्ही पायांवर उतरायची सवय असेल तर मांडीचे स्नायू बराचसा भार उचलतात.

हे सगळं मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. आमच्या शाळेत सातवीतला एक मुलगा खो-खोच्या सरावात खांबाशी वळला आणि खाली बसला. म्हणाला, "गुरुजी, गुडघ्यात कट् वाजलं." मी काय म्हणावं? "काही नाही रे, पाय झटक आणि पळ!" तो बिचारा उठला, चार पावलं पळाला आणि गुडघा लचकून पुन्हा पडला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. घरी तेल लावून चोळून घेतला, तशी सूज आणखी वाढली.

दोन खुणा होत्या, दोन्ही मी सोडल्या. एक म्हणजे आवाज. दुसरी म्हणजे काही तासांतच आलेली सूज. इतक्या लवकर गुडघा भरला तर बहुधा आत रक्त उतरलेलं असतं. अशा वेळी पळायचं नाही, चोळायचं नाही, ओढायचं नाही. बसवायचं, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवायचा, सैलसर पट्टी बांधायची, पाय उशीवर उंच ठेवायचा आणि हाडांच्या डॉक्टरकडं न्यायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही नेलं, तेव्हा त्यांनी गुडघा थोडा वाकवून नडगी अलगद पुढं ओढून पाहिली. दोरी धरते की नाही, हे त्यावरून समजतं.

त्याची दोरी तुटलेलीच नव्हती! ओल्या मातीत खुंटा रोवला आणि बैलानं हिसका दिला, तर दावं तुटत नाही, खुंटाच मातीसकट उपटून येतो. वाढत्या वयात हाड अजून कोवळं असतं. म्हणून दोरी तुटण्याऐवजी तिच्या मुळाशी असलेला हाडाचा टवका निघतो. मोठ्या माणसाची जमीन कडक, तिथं दावं तुटतं. दोरी एक्स-रेत दिसत नाही, टवका दिसतो. या मुलाचा टवका फारसा हललेला नव्हता, म्हणून सहा आठवड्यांच्या प्लास्टरवर भागलं.

मोठ्यांचं काम लांबतं. पार तुटलेली एसीएल बहुधा आपली आपण सांधत नाही. मग मांडीच्या मागच्या भागातली नाहीतर वाटीखालची स्नायूची दोरी काढून, दोन्ही हाडांत भोकं पाडून ती आत ओवतात. छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून हे करतात. गंमत पुढंच आहे. ही नवी दोरी पहिल्या काही महिन्यांत मजबूत होण्याऐवजी उलट कमजोर होते, कारण तिच्यात रक्तवाहिन्या शिरून ती जिवंत व्हायची असते. नेमकं त्याच सुमाराला दुखणं थांबतं, सूज उतरते आणि खेळाडूला वाटतं, झालं की बरं! म्हणून डॉक्टर नऊ महिने तरी मैदानापासून लांब ठेवतात. रोज उठून पळणाऱ्या माणसाला नऊ महिने मोजत बसणं किती जड जात असेल, हे आपल्याला सुट्टीच्या दिवशी घरात डांबलं तर थोडं कळेल!

आमच्या त्या मुलाच्या वडिलांनी एक्स-रेचा फोटो शाळेला दिला. मी तो वर्गाच्या पूर्वेच्या खिडकीला चिकटवला आहे. सकाळी उन्हात हाडं स्वच्छ दिसतात. पोरं रांगेनं उभी राहून तो टवका शोधतात, आणि ज्याला सापडत नाही त्याला तोच मुलगा येऊन बोट ठेवून दाखवतो.