पॅच किती आले, यापेक्षा केव्हा आले

जुलै २०२५ : ०
ऑगस्ट २०२५ : ६
सप्टेंबर २०२५ : १००हून अधिक

अँड्रॉइडमधल्या सुरक्षा-दोषांची आणि त्यांवरच्या दुरुस्त्यांची, म्हणजे पॅचची, यादी गूगल दर महिन्याला जाहीर करते. वरचे आकडे त्या यादीतले. ऑगस्ट २०१५मध्ये ही मासिक यादी सुरू झाली आणि दहा वर्षांत शून्य आकडा पहिल्यांदा आला तो जुलै २०२५मध्ये. सप्टेंबरच्या यादीतले दोष काही ऑगस्टअखेरीस एकाएकी तयार झाले नव्हते; त्यांतले बरेचसे जुलैतही फोनांत होतेच. बदललं होतं ते वेळापत्रक. तातडीच्या दुरुस्त्या दरमहा द्यायच्या आणि बाकीच्यांचा मोठा गठ्ठा तिमाहीला सोडायचा, असं गूगलचं धोरण आता झालं आहे. म्हणजे महिन्याचा आकडा पाहून फोन सुरक्षित झाला की धोक्यात आला, हे सांगता येत नाही.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या चिखला गावात या आकड्यांशी कुणाचं काय देणंघेणं? गाव ओळखलं जातं ते ‘मॉइल’ कंपनीच्या भूमिगत मँगनीज खाणीमुळे. पण भारतात वापरात असलेल्या दर २० स्मार्टफोनांपैकी साधारण १९ अँड्रॉइडवर चालतात, आणि अँड्रॉइडचा गाभा असलेलं लिनक्स कर्नल ही मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो अशी प्रणाली आहे. पगार जमा झाल्याचा मेसेज, यूपीआय, बँकेचा ओटीपी हे सगळं त्याच प्रणालीच्या भरवशावर चालतं.

खाणीचं गाव असल्यामुळे एक गोष्ट इथे वेगळी समजावून सांगावी लागत नाही. छत आणि भिंती नियमित तपासून नोंद करायची असते, आणि जिथे तपासणीची वही कोरी असते तिथे आत जायला माणूस कचरतो. पॅचची लांब यादी म्हणजे अशी भरलेली वही.

दोन प्रकारच्या दुरुस्त्या

ही वही सर्वांत नीटनेटकी कुणी ठेवली असेल, तर ती ‘ओपनबीएसडी’ या मुक्तस्रोत प्रणालीने. थिओ डी राट यांनी १९९५मध्ये हा प्रकल्प सुरू केला. दर ६ महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि शेवटच्या २ आवृत्त्यांनाच पॅच मिळतात. त्यामुळे कुठल्याही आवृत्तीचं आयुष्य साधारण १ वर्षाचं असतं. ७.६ आली ऑक्टोबर २०२४मध्ये, ७.७ एप्रिल २०२५मध्ये; त्याच वर्षी ऑक्टोबरात ७.८ आली आणि ७.६चे पॅच थांबले. मुदत आधीपासून सर्वांना ठाऊक असते.

प्रत्येक पॅचला ००१, ००२ असा क्रमांक मिळतो आणि त्यावर सहसा दोनपैकी एक शिक्का बसतो : सुरक्षा किंवा विश्वासार्हता. पहिल्या प्रकारात कुणी परका आत शिरू शकेल अशी फट बुजवलेली असते. दुसऱ्यात हल्लेखोराचा संबंध असेलच असं नाही. यंत्र आपणहून कोलमडेल असा दोष दूर केलेला असतो.

दुसऱ्या प्रकाराकडे सहसा दुर्लक्ष होतं. १ जुलै २०१२ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घालण्यात आला. लिनक्स कर्नलमधल्या एका दोषामुळे असंख्य सर्व्हर त्या सेकंदाला अडखळले. क्वांटास विमानकंपनीत प्रवाशांची नोंदणी ठप्प झाली. हल्ला कुणीच केला नव्हता.

असाच एक क्षण पुढे आहे. जुन्या पद्धतीत संगणक १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतो आणि त्या खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. ती भरेल १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला असं घड्याळ १९०१ साल दाखवू लागेल. ओपनबीएसडीने आपल्या सर्व यंत्रप्रकारांसाठी ही दुरुस्ती मे २०१४च्या ५.५ आवृत्तीतच करून टाकली, जवळपास २४ वर्षं आधी. लिनक्स कर्नलमध्ये ३२-बिट यंत्रांसाठीचं हे काम मार्च २०२०च्या ५.६ आवृत्तीत मार्गी लागलं.

१०,००० प्रयत्न, ३ तास २० मिनिटं

ओपनबीएसडीच्या मंडळींनी लिहिलेली ‘ओपनएसएसएच’ ही प्रणाली जगभरातल्या लिनक्स सर्व्हरांवर दुरून काम करण्यासाठी वापरतात. १ जुलै २०२४ रोजी ‘क्वालिस’ या कंपनीने तिच्यातला एक गंभीर दोष जाहीर केला. कंपनी अमेरिकी असली, तरी पुण्यात तिचं मोठं केंद्र आहे.

या दोषाच्या तारखा बोलक्या आहेत. मूळ चूक २००६मध्ये सापडून दुरुस्त झाली होती. ऑक्टोबर २०२०मध्ये कोडची फेररचना करताना जुन्या दुरुस्तीचा एक छोटा तुकडा गळाला. मार्च २०२१च्या आवृत्तीबरोबर तो दोष पुन्हा जगभर गेला आणि पुढचे सुमारे ४० महिने कुणाच्या लक्षात आला नाही. इंटरनेटवर उघडे असलेले १ कोटी ४० लाखांहून अधिक सर्व्हर त्याच्या कक्षेत येऊ शकतात, असा क्वालिसचा अंदाज होता.

धोका किती खरा होता, हे गुणाकार-भागाकाराने कळतं. प्रयोगात ३२-बिट लिनक्सवर नेम लागायला सरासरी १०,००० प्रयत्न लागत. मूळ सेटिंगनुसार १२० सेकंदांत १०० जोडण्या करता येत होत्या. १०,००० भागिले १०० म्हणजे १०० फेऱ्या. प्रत्येकी १२० सेकंद धरले तर १२,००० सेकंद, अर्थात ३ तास २० मिनिटं. त्यानंतरही मेमरीतला पत्ता अंदाजाने ओळखावा लागे आणि तो निम्म्या वेळा चुके. म्हणून पूर्ण ताबा मिळायला सरासरी ६ ते ८ तास. एका रात्रीचं काम.

खुद्द ओपनबीएसडीला मात्र याची झळ लागली नाही. ज्या कामात ही चूक दडली होती, ते करण्याचा सुरक्षित मार्ग त्यांनी २००१मध्येच काढून ठेवला होता.

दुरुस्तीनंतरचे ९ महिने

मुक्तस्रोत प्रणालीत पॅचही सर्वांसमोर येतो. अँड्रॉइडच्या यादीनंतर दुरुस्तीचा कोडही खुला केला जातो. याचा फायदा उघड आहे : दुरुस्ती खरी आहे का, हे कुणीही तपासू शकतो. पण भिंतीला लिंपण कुठे घातलं, हे चोरालाही दिसतं. ज्यांच्या यंत्रात पॅच पोहोचला नाही, त्यांचा धोका त्या दिवसापासून वाढतो.

‘डर्टी काऊ’ या नावाने गाजलेल्या लिनक्स दोषाचा हिशेब पाहा. हा दोष २००७पासून कर्नलमध्ये होता. दुरुस्त आवृत्ती आली २० ऑक्टोबर २०१६ला. अँड्रॉइडच्या ५ डिसेंबर २०१६च्या पॅच-पातळीत ती समाविष्ट झाली. मध्ये ४६ दिवस. ९ वर्षं लपून राहिलेल्या दोषासाठी ४६ दिवस फार म्हणता येत नाहीत.

पण सप्टेंबर २०१७मध्ये ‘ट्रेंड मायक्रो’ कंपनीला हाच दोष वापरणारं अँड्रॉइडवरचं घातक सॉफ्टवेअर सापडलं. ४०हून अधिक देशांत पसरलेलं, ५,०००हून अधिक बळी, आणि त्यांतले बहुसंख्य चीन व भारत या दोन देशांतले. पॅच तयार होऊन ९ महिने झाले होते. कोड लिहिणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं. अडलं ते पुढच्या साखळीत. दुरुस्ती आधी चिप बनवणाऱ्याकडे, मग फोन बनवणाऱ्याकडे आणि शेवटी ग्राहकाच्या फोनवर जाते. कुठल्याही टप्प्यावर ‘हे मॉडेल आता जुनं झालं’ असं कुणी ठरवलं, की साखळी तिथेच तुटते.

पॅचची किंवा दोषांची नुसती बेरीज का फसवी आहे, याचा आणखी एक पुरावा फेब्रुवारी २०२४नंतर मिळाला. लिनक्स कर्नलच्या दोषांना अधिकृत क्रमांक देण्याचं काम तेव्हापासून कर्नलच्या मंडळींनी स्वतःकडे घेतलं. सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा प्रत्येक दुरुस्तीला ते क्रमांक देऊ लागले. वर्षाला काही शे असणारा आकडा २०२४मध्ये ३,०००च्या वर गेला. कर्नल एका वर्षात दसपट सच्छिद्र झालं नव्हतं.

चिखल्यातल्या फोनचा हिशेब

मग बघायचं काय? दोन तारखा. पहिली फोनमध्येच सापडते. सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत, अँड्रॉइड आवृत्तीजवळ ‘सुरक्षा पॅच’ची किंवा ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख असते. ती चार-सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल आणि नवं अपडेटही दिसत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करताना दहा वेळा विचार करावा.

दुसरी तारीख म्हणजे पॅच बंद होण्याची, आणि ती फोन घेण्याआधी शोधायची असते. ऑक्टोबर २०२३च्या पिक्सेल ८साठी गूगलने ७ वर्षांचा शब्द दिला. जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४साठी तेवढाच दिला. हे महाग फोन. स्वस्त मॉडेलांची मुदत बहुधा बरीच कमी असते आणि ती मोजतात मॉडेल बाजारात आल्यापासून. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं, तर मुदतीतली दोन वर्षं आधीच सरलेली असतात.

उदाहरणादाखल : १०,००० रुपयांचा फोन आणि उरलेली पॅचची मुदत २ वर्षं, तर सुरक्षित वर्षाचा खर्च ५,००० रुपये. १५,००० रुपयांचा फोन आणि मुदत ५ वर्षं, तर तोच खर्च ३,००० रुपये. तुमसरच्या दुकानात स्वस्त वाटलेला फोन या हिशेबात महाग ठरतो.

युरोपीय संघाने हा प्रश्न ग्राहकाच्या हुशारीवर सोडलेला नाही. २० जून २०२५पासून लागू झालेल्या तिथल्या नियमांत मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षांपर्यंतच्या अपडेटची तरतूद आहे आणि सुरक्षा पॅचचा कोड जाहीर झाल्यापासून तो फोनवर पोहोचवण्यासाठी ४ महिन्यांची कमाल मर्यादा आहे. नियमाने पॅच मोजले नाहीत, दिवस मोजले. आणि हेच बरोबर आहे. आपल्याकडे फोनच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. तिच्या शेजारी शेवटच्या पॅचची तारीख छापायला एका ओळीची जागा पुरते, आणि ती ओळ वाचणाऱ्याला कोड कळायची गरज नसते.