सायकलींची दिंडी आणि वरंधचा उतार

मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३ साली सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून मुंबईस परतले; उरलेल्या तिघांच्या वाटा मध्येच निराळ्या झाल्या. त्या साहसाचे मोल यत्किंचितही कमी न लेखता असे म्हणता येईल, की एकत्र निघणे ही एक गोष्ट आणि एकत्र पोहोचणे ही दुसरी. एवढ्या दीर्घ प्रवासात कोणी समजून उमजून थांबला, तर तो त्याचा निर्णय होय. परंतु घरच्या मंडळींनी एका दिवसाच्या सहलीस निघावे, घाटातील एखाद्या वळणावर आपल्यातील एक माणूस मागे राहावे, आणि पुढच्यांच्या ते ध्यानीही येऊ नये, यास निर्णय म्हणता येत नाही. ही चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली आहे. म्हणूनच हे चार शब्द.

घरातील सात व शेजारचे दोघे, मिळून आम्ही नऊ जण मार्गशीर्षातील एका सकाळी भोरहून महाडच्या रस्त्यास लागलो. सर्वांत लहान चौदा वर्षांचा पुतण्या, सर्वांत वडील म्हणजे आमच्या वहिनी. नीरा-देवघर धरणाचे पाणी बाजूस ठेवून हा रस्ता बेताबेताने चढत जातो आणि कावळ्या किल्ल्याच्या खिंडीपाशी, वाघजाईच्या देवळाजवळ, सह्याद्रीच्या अगदी कडेवर येऊन उभा राहतो. तेथे चहा झाला, गरम भजी झाली, माकडांची लूटमारही झाली. पुढे रस्ता वळणावळणांनी कोकणात उतरतो व माझेरीवरून पायथ्याच्या वरंध गावी येतो. पुढारीपण माझ्याकडे होते. आणि पुढारी म्हणजे सर्वांत पुढे असणारा, अशी माझी भोळी समजूत होती!

वरंधला पोहोचून मी मोजदाद केली, तो आठच माणसे! वहिनी कोठेच दिसेनात. फोन लागेना. पुतण्यास बरोबर घेऊन मी उलट चढू लागलो. चढताना प्रत्येक वळणाशी दरीच्या बाजूस दृष्टी जाई आणि मनात नाही नाही ते येई. अर्ध्या घाटात वहिनी भेटल्या. सायकल हाताने धरून, रस्त्याच्या कडेने शांतपणे चालत होत्या. मागील चाक पंक्चर झाले होते आणि पंप होता माझ्या पिशवीत. त्या एवढेच म्हणाल्या, “भावोजी, पंक्चरचं काही नाही हो. हाक मारली, ती ऐकायला मागं कुणीच नव्हतं, एवढंच वाटलं.”

ते वाक्य माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही.

वास्तविक हा विचार आपणांस नवा नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडी कशी चालते ते आठवावे. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि पाठीमागे तुळशीवृंदावने घेतलेल्या बाया. पताका दिंडीच्या पुढे असते, परंतु तिला सोडून जात नाही. अलीकडे नाशिकचे सायकलस्वार पंढरपूरची वारी सायकलींवरून करतात. वाहन बदलले, तरी वारीची शिस्त तीच उपयोगी पडते. याच्या उलट ‘ब्रेव्हे’ नामक दीर्घ फेऱ्यांचा प्रकार आहे. मूळच्या फ्रान्समधील या फेऱ्या आता महाराष्ट्रातही होतात. त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पुरे करावयाचे आणि प्रत्येकाने स्वतःची भिस्त स्वतःवर ठेवावयाची. कुटुंबाच्या सहलीने दोहोंपासून एकेक गुण घ्यावा: चाल दिंडीची असावी, सामान ब्रेव्हेचे असावे.

तेव्हापासून आमच्या घरी काही नियम ठरून गेले आहेत. सर्वांत अनुभवी मनुष्य पुढे नव्हे, तर शेवटी. त्याच्यामागे कोणी राहावयाचे नाही आणि त्याने कोणास ओलांडावयाचे नाही. पुढच्या माणसाने वेग ठरवावा तो स्वतःच्या दमावर नव्हे, तर सर्वांत मंद चालणाऱ्याच्या दमावर. चढावर ज्याचा त्याचा दम निराळा असल्यामुळे थोडी पांगापांग होणारच. म्हणून प्रत्येक फाट्यास, चढाच्या माथ्यावर व उताराच्या तळाशी थांबून माथी मोजावी. थांबावयाचे ते डांबरी रस्त्याच्या बाहेर, सरळ जागी. वळणावर कदापि नव्हे. शेवटचा मनुष्य येताच ‘चला’ म्हणून निघणे हा तर अन्यायच होय. पुढचे विश्रांती घेऊन ताजे झालेले असतात आणि ज्यास तिची खरी गरज, तो एक घोटही न पिता पुन्हा निघतो. त्याने पाणी पिऊन ‘निघूया’ म्हणावे, मगच निघावे.

घाटाचा खरा धोका चढात नसून उतारात आहे. स्वार व सायकल मिळून पंच्याऐंशी किलो वजन पाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा सुटणारी ऊर्जा एक लिटर गार पाणी उकळण्यास पुरेल एवढी असते. वाऱ्याचा विरोध तिचा काही वाटा उचलतो. उरलेली ब्रेकांना गिळावी लागते. यास्तव ब्रेक सतत आवळून धरू नयेत. थोडे दाबावे, थोडे सोडावे, म्हणजे त्यांस निवण्यास अवसर मिळतो. तसेच वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट होते. म्हणून वेग वळणाच्या आधी उतरवावा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक वापरावे, शरीराचा भार किंचित मागे ठेवावा. उतारावर एकामागे एक, आणि दोन सायकलींत भरपूर अंतर सोडून जावे. वळण कापण्याच्या मोहाने उजवीकडे सरकणे म्हणजे समोरून चढणाऱ्या एस्.टी.च्या वाटेत जाणे होय. पुढच्यास खड्डा अथवा वाळू दिसली, तर त्याने हाताने दाखवावी व ओरडून सांगावे. तोच शब्द प्रत्येकाने मागे पोहोचवावा.

सामानाविषयी थोडके. शिरस्त्राण सर्वांस, वडील मंडळींससुद्धा. प्रत्येकाजवळ आपली जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या व पाणी असावे आणि पंप निदान दोन असावेत, एक पुढे व एक मागे. पुढे-मागे दिवे असावेत. औषधांची पेटी शेवटच्या मनुष्याजवळ द्यावी. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक सर्वांस पाठ असावा. मात्र घाटात फोन लागेलच, या भरवशावर निघू नये.

ऋतूचाही विवेक हवा. पावसाळ्यात धबधब्यांनी हा घाट मोहिनी घालतो. परंतु याच मुलखातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पावसात या घाटातील वाहतूक कित्येकदा बंदही ठेवावी लागते. तेव्हा दिवाळीनंतरचे, थंडीचे दिवसच योग्य. उजाडताच निघावे व उन्हे कलण्यापूर्वी घाट उतरावा. हाताशी वेळ राहिल्यास वरंधहून जवळच शिवथरघळ आहे. समर्थांनी दासबोध तेथेच सांगितला, अशी श्रद्धा आहे. त्या गारव्यात घटकाभर बसल्याने सहलीचे सार्थक होते.

पुढील वर्षी आम्ही पुनः त्याच वाटेने गेलो. या खेपेस पताका पुतण्याच्या हाती दिली होती आणि मी सर्वांच्या मागे होतो. मागून जाताना मला प्रथमच कळले, की पुढे असताना केवळ रस्ता दिसतो, मागे असताना माणसे दिसतात. वरंधला पोहोचल्यावर पुतण्याने मोठ्याने मोजले, “आठ!” आणि क्षणभराने मागे वळून, मला पाहून म्हणाला, “नऊ!” वहिनी हसल्या व त्यांनी सर्वांपुढे लाडवांचा डबा उघडला.