वाऱ्यावरची अक्षरं

"जाड, पसरट आणि तिरप्या देवनागरी टाईपवर लिहा," असं संपादक म्हणाले तेव्हा वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे. लॅपटॉप उघडला, 'कुस्त्यांचे जंगी मैदान' हे शब्द एका ढब्ब्या टायपात टाकले आणि तिरप्या अक्षराचं बटण दाबलं. अक्षरं झुकली, पण डाव टाकणाऱ्या पैलवानासारखी नाही, झिंगलेल्यासारखी. मग कोल्हापूर गाठलं. जत्रेच्या मैदानांचे कापडी फलक हाताने रंगवणारे एक म्हातारे पेंटर तिथे आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, तासाभरात मीही म्हणायला लागलो.

इतिहास थोडक्यात उरकतो. 1501 साली व्हेनिसमध्ये अल्डस मॅन्युशियसने व्हर्जिलचं पुस्तक तिरप्या टायपात छापलं. ठसे फ्रान्चेस्को ग्रिफोचे. ते वळण हस्ताक्षरावरून आलेलं, वेग दाखवण्यासाठी ते नव्हतं. जाड, पसरट आणि तिरपं या त्रिकुटाला पुढे जाहिरातींनी आणि शर्यतीच्या गाड्यांनी डोक्यावर घेतलं. आपल्याकडे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरूंनी उभं अक्षरच इतकं देखणं कोरलं, की तिरप्याची आठवण कोणाला होणार! र. कृ. जोशींचा 'मंगल' हा टाईप घराघरातल्या संगणकात पोहोचला, तोही उभाच. तिरपं बटण दाबलं की त्याला वाकवतो तो संगणक, जोशी नव्हेत.

आता अण्णांचा काना. लॅटिन अक्षरं जमिनीवर सुटी उभी असतात, कुठेही कलू शकतात. आपली अक्षरं शिरोरेघेला टांगलेली. वारा सुटल्यावर दोरीवरचे कपडे एका बाजूला उडावेत आणि दोरी मात्र ताठ राहावी, तसं तिरप्या देवनागरीचं आहे. अण्णांनी सुतळीला खडूची पूड चोळली, कापडावर दोन दोऱ्या मारल्या, आणि पहिलं अक्षर लिहायला घेतील म्हटलं तर ओळीतले सगळे काने आधी ओढले. लाकडाची एक पट्टी, तिचा कल एकच, काने एकापाठोपाठ एक. मधल्या जागा रिकाम्या.

"आधी खांब, मग घर," ते म्हणाले. "पाव्हणं, काना हलला की समदी ओळ पडल्यागत दिसती."

पण 'स'शी आल्यावर पट्टी बाजूला ठेवली. 'स'चा खाली उजवीकडे उतरणारा पाय त्यांनी ब्रश निम्मा उचलून बारीक ओढला. का, ते विचारलं तर हसले. घरी येऊन गणित मांडलं तेव्हा उलगडलं. अक्षर 20 अंशांनी नुसतं ढकललं तर उभ्या काठीची खरी जाडी 6 टक्क्यांनी घटते. पण उजवीकडे उतरणारी 45 अंशांची रेघ उभी होत जाते आणि जवळजवळ पाचव्या हिश्श्याने जाड होते. किरकोळ टायपात हे खपून जाईल. ढब्ब्या अक्षराच्या पोटात आधीच फटीएवढी जागा असते, तिथे पाचवा हिस्सा म्हणजे पोट बुजलंच. अण्णांच्या मनगटाला हे गणित पाठ आहे.

जाडपणाचं कोडं टाईप करणाऱ्यांनी सोडवलेलं आहे. एक टाईप या संस्थेचा 'मोदक' पाहा. अक्षर इतकं गुबगुबीत, की पोटातली जागा केसासारख्या रेघेवर आणून ठेवली आहे, तरी 'इ' आणि 'क्ष' वाचता येतात. मला तो मनापासून आवडतो. पण तो उभा आहे. त्याला झुकवायचं ठरवलं की अडचणी रांगेने येतात.

झुकताना शिरोरेघेच्या वरचं सगळं उजवीकडे सरकतं आणि पायाखालचं डावीकडे. 'जंगी'तल्या दीर्घ वेलांटीची कमान 'ग'वर हवी, ती स्वतःच्याच कान्याकडे पळते. ऱ्हस्व वेलांटीचं टोक आपलं अक्षर ओलांडून शेजाऱ्याच्या डोक्यावर जातं. 'कुस्त्यांचे'मधला उकार ओळीच्या समासाबाहेर लोंबतो, 'स्त्यां'वरचा अनुस्वार 'चे'च्या हद्दीत शिरतो. म्हणजे प्रत्येक मात्रेची जागा हाताने मागे ओढायची, तीही दर अक्षरागणिक वेगळी. त्यातच पसरटपणाची भर: उभ्या टायपात आटोपशीर बसणारं 'स्त्यां' इथे रिक्षाएवढी जागा खातं. दाबावं तर पोट बुजतं, मोकळं सोडावं तर शब्द फुटतो. शिवाय जोडाक्षरं शेकड्यांनी.

अण्णांना हे सगळं करावं लागत नाही. त्यांना फलकावरचा प्रत्येक शब्द एकदाच लिहायचा असतो. त्यांनी उकार हळूच 'क'खाली ओढून घेतला, 'जंगी'ची वेलांटी कान्यापेक्षा कमी झुकवली, 'स्त्यां'साठी 'चे' चक्क थोडा बारीक केला. कोणाच्या लक्षात येणार नाही. टायपाला मात्र 'चे' कुठे येणार हे आधी माहीत नसतं. त्याचा 'चे' प्रत्येक शेजाऱ्याशी पटवून घेणारा असावा लागतो. म्हणून मला अण्णांपेक्षा तो टाईप कोरायला बसणाऱ्या मुलामुलींची जास्त काळजी वाटते. एक वेलांटी सरकवायला बसलं की दिवस जातो, आणि जाड-तिरप्या टायपाला गिऱ्हाईक कोण, तर मैदानं, टुर्नामेंटा आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्या. तिथे फुकटचा वाकवलेला टाईप चालतो, फ्लेक्स तासाभरात छापून येतो.

मजकुराच्या मथळ्यासाठी तिरपा टाईप वापरू नका, असं संपादकांना कळवलं. 'कुस्त्यांचे जंगी मैदान' हे तीन शब्द अण्णांकडून कापडावर लिहून घेतोय. पंधरा दिवस लागतील म्हणाले, जत्रांचा मोसम आहे.