पाच मार्कांचं तिकीट आणि न आलेली गाडी

आज आम्ही एका गाडीची गोष्ट सांगणार आहोत. बचत गटाच्या बैठकीत गाडीचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण ही गाडी मिळावी म्हणून लाखो लोकांनी आठवड्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकली होती, आपण टाकतो तशीच. त्या पैशाचं पुढे काय झालं, ते आपल्याला ठाऊक असायला हवं.

गाडी जर्मनीची. पुढे दोन गोल दिवे, वर फुगीर टप, भुंगेऱ्यासारखा आकार. म्हणून जगभर तिला ‘बीटल’ म्हणजे भुंगेरा म्हणतात. कंपनीचं नाव फोक्सवॅगन, म्हणजे ‘लोकांची गाडी’. याच कंपनीचा एक कारखाना २००९ पासून आपल्या पुणे जिल्ह्यात चाकणला आहे.

१९३०च्या दशकात जर्मनीत मोटार म्हणजे पैसेवाल्यांची चीज होती. सत्तेवर हिटलर होता. साध्या कुटुंबाला परवडेल अशी गाडी देऊ, अशी घोषणा त्याने केली आणि ती बनवायचं काम फर्डिनांड पोर्शे या तंत्रज्ञाकडे दिलं. किंमत ठरली ९९० मार्क. त्या वेळच्या इतर गाड्यांपेक्षा ती बरीच कमी होती. इतक्या पैशात गाडी बनवणंसुद्धा परवडणारं नव्हतं, पण घोषणा तर झाली होती.

मग कारखान्याला पैसा कुठून आला? १९३३ मध्ये सरकारने कामगारांच्या संघटना मोडून काढल्या आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. ती सगळी ‘जर्मन श्रमिक आघाडी’ या सरकारी संघटनेच्या हातात गेली. त्याच पैशातून कारखाना उभा राहू लागला. मे १९३८ मध्ये हिटलरच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली.

त्याच वर्षी बचत योजना निघाली. प्रत्येकाला एक कार्ड मिळायचं. आठवड्याला किमान ५ मार्कांचं तिकीट विकत घ्यायचं आणि कार्डावर चिकटवायचं. हिशेब केला तर ९९० मार्क भरायला १९८ आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. विम्याचे पैसे वेगळे. कामगाराच्या पगारातून एवढं काढणं जड होतं, म्हणून खातेदारांत मध्यमवर्गीयच जास्त होते.

आता योजनेच्या अटी ऐका. जमा रकमेवर व्याज नाही. कार्ड दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मध्येच पैसे परत मागणं जवळजवळ अशक्य. गाडी कोणत्या तारखेला मिळेल, याची हमी नाही. पैसा भरणाऱ्यांची बैठक नाही आणि हिशेब मागायची जागाही नाही. तरीही सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी कार्डं घेतली. सरकारच सांगतंय म्हटल्यावर शंका घेणार कोण? आणि घेतली तरी त्या राज्यात ती बोलून दाखवायची सोय नव्हती.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि कारखाना लष्कराच्या गाड्या बनवू लागला. बीटल तयार झाल्या त्या मोजक्या शेकड्यांत, आणि त्या गेल्या सत्तेतल्या बड्या लोकांकडे. लोक मात्र युद्धातही तिकिटं चिकटवत राहिले. त्यांचे २६ कोटींहून अधिक मार्क जमा झाले, पण कार्डावर गाडी एकालाही मिळाली नाही.

या कारखान्याची एक बाजू सांगताना आमचा घसा दाटतो. युद्धाच्या काळात तिथे जबरदस्तीने आणलेल्या सुमारे २० हजार माणसांना राबवलं गेलं. त्यांत युद्धकैदी होते, छळछावणीतले कैदी होते, पोलंड आणि सोव्हिएत देशांतून उचलून आणलेल्या बायाही होत्या. या बायांना मूल झालं की ते काढून घेऊन कारखान्याने चालवलेल्या पाळणाघरात ठेवलं जायचं. आयांना परत कामावर धाडलं जायचं. जवळच्या रूएन गावातल्या त्या पाळणाघरात उपासमार, घाण आणि आजारपण यांनी तीनशेहून जास्त तान्ही बाळं दगावली. जबाबदार डॉक्टरला युद्धानंतर फाशी झाली. राबवलेल्या माणसांसाठी कंपनीने २ कोटी मार्कांचा निधी काढला तो १९९८ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनी. तोवर त्यांतली कितीतरी माणसं गेलेली होती.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. बाँबहल्ल्यांत मोडलेला कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आला. आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो चालू केला. सैन्याने २० हजार गाड्यांची मागणी नोंदवली आणि गावाला वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळालं. १९४८ पासून हाइन्रिश नोर्डहोफ यांनी कारभार पाहिला. १९५५ मध्ये दहा लाखावी बीटल बाहेर पडली.

गाडी खरंच चांगली होती. इंजिन मागच्या बाजूला आणि वाऱ्यावर थंड होणारं. त्यात पाणी घालायला नको, म्हणून थंडीत पाणी गोठायची भीती नाही. रचना साधी, त्यामुळे दुरुस्ती सोपी. १९७२ मध्ये तिने अमेरिकेच्या फोर्ड टी गाडीचा विक्रम मोडला. शेवटची बीटल २००३ मध्ये मेक्सिकोत बनली. तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या झाल्या होत्या.

आणि कार्डवाले? त्यांचे पैसे बर्लिनच्या बँकेत होते. युद्धानंतर ते सोव्हिएत फौजांच्या ताब्यात गेले. कारखाना म्हणाला, तुमचा करार श्रमिक आघाडीशी होता, आमच्याशी नाही. आणि ती आघाडी तर बरखास्त झालेली! पण ही माणसं गप्प बसली नाहीत. त्यांनी आपली संघटना केली, कार्डं जपून ठेवली आणि कोर्टात गेली. खटला बारा-तेरा वर्षं चालला. १९६१ मध्ये तडजोड झाली: नवीन गाडी घेतली तर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, नाहीतर जास्तीत जास्त १०० मार्क रोख. नव्या गाडीची किंमत तेव्हा काही हजार मार्क होती.

मैत्रिणींनो, गाडी खोटी नव्हती, कारखानाही खोटा नव्हता. खोट होती ती पैसा ठेवण्याच्या रीतीत. पैसा भरणारे लाखो, पण त्यावर हात ठेवणारा एकच, आणि त्याला विचारणारं कुणी नाही.

आपल्या गावातही स्कीमवाले येतात. आठवड्याला अमुक भरा, वर्षाने शिलाई मशीन घ्या, भांडी घ्या, सोनं घ्या. कार्डही छान छापलेलं असतं. पैसे देण्याआधी बैठकीत चार प्रश्न विचारा. पैसा कोणाच्या नावाने, कोणत्या बँकेत जाणार? मध्येच सोडलं तर किती परत मिळेल? वस्तू मिळाली नाही तर जबाबदार कोण, आणि ते कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहिलंय का? हिशेब आम्हाला कधी दाखवणार? उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्या. आणि भरलेल्या पैशाची एकही पावती टाकून देऊ नका. त्या जर्मन माणसांना जे थोडंफार मिळालं, ते जपून ठेवलेल्या कार्डांमुळेच.