नंदुरबारचा ‘बालेकिल्ला’

लोकसभेच्या महाराष्ट्रातील मतदारसंघांची मोजणी निवडणूक-दप्तरात नंदुरबारपासून सुरू होत असली, तरी मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा मुलूख आठवतो तो अगदी शेवटी, आणि आठवलाच तर ‘काँग्रेसचा बालेकिल्ला’ या एकाच बिरुदाने. 1981 च्या पोटनिवडणुकीपासून 2009 पर्यंत माणिकराव गावित येथून सलग नऊ वेळा निवडून आले; तत्पूर्वी हीच जागा सुरूपसिंग नाईक यांच्याकडे होती; इंदिरा गांधींनी आणि पुढे सोनिया गांधींनी सभांसाठी हे गाव आवर्जून निवडले; 2010 साली ‘आधार’ योजनेचा प्रारंभही जवळच्या टेंभली गावी झाला. एवढ्या पुराव्यावर येथील भिल्ल, पावरा, मावची, कोकणी मतदार चिन्ह पाहून डोळे मिटून मत देतो, असा निष्कर्ष निघाला. तो सोयीचा होता. खरा कधीच नव्हता.

या प्रदेशाचे राजकारण समजून घ्यायचे तर प्रथम त्याची जमीन पाहावी लागते. दक्षिणेस तापीकाठची काळी, कसदार माती आणि उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत वसलेला अक्राणी महाल, असे त्याचे दोन भाग असून त्यांचा इतिहासही निरनिराळा आहे. 1818 मध्ये खानदेशात इंग्रजी अंमल आला, तरी डोंगरात काठीसारख्या मेवासी जहागिरींची वहिवाट दीर्घकाळ टिकली आणि मैदानातला कायदा तिथे पातळ होऊन पोहोचला. मैदानात मात्र तो पुरेपूर पोहोचला. खातेपुस्तके, गहाणखते आणि दिवाणी दावे यांच्या वाटेने आदिवासींची जमीन सावकारांच्या व सधन शेतकऱ्यांच्या नावे चढत गेली, आणि ज्या बांधावर बाप मालक होता त्याच बांधावर मुलगा सालदार म्हणून उभा राहिला. पुढे 1960 च्या राज्यविभागणीत पश्चिम खानदेशची 156 गावे गुजरातेत गेली. सोयरीक दोन्ही बाजूंना असलेल्या कुटुंबांच्या मधून हद्द आखली गेली. त्यांना विचारले कोणी, हा प्रश्न त्या काळच्या संयुक्त महाराष्ट्राच्या जल्लोषात कोणाला सुचलाही नसावा.

येथील आदिवासी राजकारणात उतरला तो मतपेटीच्या कितीतरी आधी. 1930 च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराजांनी ‘आप’ पंथ उभा केला. परस्परांना ‘आप’ म्हणून संबोधावे आणि दारू सोडावी, एवढीच वरवर पाहता ती शिकवण होती. परंतु ज्यांना आजवर अरेतुरेच ऐकावे लागले, ते एकमेकांना आदराने हाक मारू लागले, यातला अर्थ सरकारच्या आणि सावकारांच्या लक्षात आल्यावाचून राहिला नाही.

याच भूमीत 1970 नंतर शहाद्याची चळवळ उभी राहिली. आखाजीला सालदाराचे साल ठरे. घरात लग्न वा आजार निघाला की उचल घ्यावी लागे. ती फिटली नाही की पुढले सालही त्याच मालकाकडे जाई. मे 1971 मध्ये पाटीलवाडी येथे धान्यासाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि वर्षभरात, 1972 मध्ये, श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या भिल्ल कार्यकर्त्यांनी गावोगाव मजुरीचा आणि बळकावलेल्या जमिनींचा हिशेब मागितला. बायकांनी दारूची मडकी फोडली. अंबरसिंग 1974 मध्ये अकाली गेले. ज्या मजुरांनी शहाद्याच्या रस्त्यांवर मोर्चे काढले, त्यांपैकी बहुतेकांनी लोकसभेला मत काँग्रेसलाच दिले असावे, आणि माझ्या मते त्यात विसंगती नाही: मालकाशी भांडायचे तर वनखाते, तहसील आणि रेशन ज्याच्या हातात आहे त्या सरकारशी एकाच वेळी वैर परवडत नाही. मत हा त्यांच्यापुरता देवघेवीचा व्यवहार होता, भक्ती नव्हे.

2014 मध्ये हा व्यवहार मोडला, तेव्हा दिल्लीला धक्का बसला. अवघ्या सव्विशीतल्या हीना गावित यांनी भाजपतर्फे माणिकरावांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला; 2019 मध्ये त्यांनी के. सी. पाडवी यांना हरवले. आणि 2024 मध्ये त्याच पाडवींचे चिरंजीव गोवाल यांनी हीना यांना दीड लाखाहून अधिक मतांनी घरी बसवले. नाईक, गावित, पाडवी या मोजक्या घराण्यांभोवतीच ही उलथापालथ फिरते हे खरे. पण मतदार कोणाच्याही दावणीला बांधलेला नाही हेही तितकेच खरे. इथे मत देणेही सोपे नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्यात राज्यातील जी 33 गावे आली, ती याच मुलखातली. काठावर उरलेल्या पाड्यांकडे निवडणूक-कर्मचारी आणि मतदानयंत्रे बोटीने जातात. असे असूनही 2024 मध्ये येथील मतदान सत्तर टक्क्यांवर गेले, आणि घराबाहेर पडताच मतदानकेंद्र दिसणारी मुंबई कितीतरी मागे राहिली.

प्रश्न आहे तो मताच्या मोबदल्याचा. याच लोकसभा क्षेत्रातला शिरपूर विधानसभा मतदारसंघ 2009 मध्ये अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. तोवर तिथून निवडून येणारे अमरीशभाई पटेल विधान परिषदेत गेले आणि विधानसभेत काशीराम पावरा आले. 2019 मध्ये पटेल काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले, तर पावराही गेले. आज नंदुरबारचा खासदार आणि त्याखालचे सहाही आमदार अनुसूचित जमातीचेच असावे लागतात. पण पैशाची सूत्रे जिथून हलतात त्या सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात मात्र अनुसूचित जाती आणि जमाती या दोहोंना मिळून कायद्याने एक जागा राखीव आहे.