पाण्याची हद्द आणि दप्तरांची हद्द
उपनगरातील जलमार्ग : लेखांक पाचवा

गेल्या लेखांकात आपण कारखान्यास सांडपाणी सोडण्याचे संमतिपत्र कसे मिळते ते पाहिले. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावे लागते आणि त्यात घातलेल्या मर्यादा कारखानदारावर बंधनकारक असतात. आज पुढचा प्रश्न घ्यावयाचा : या मर्यादा पाळल्या जातात किंवा नाही यावर देखरेख कशी ठेवतात, आणि ती देखरेख मुंबई उपनगरांतील दिंडोशीसारख्या प्रदेशातील ओढ्यांना अपुरी का पडते?

कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून टिकावा यासाठी कायद्याच्या 21व्या कलमाने मोठी काटेकोर रीत घालून दिली आहे : भोगवटादारास तेथल्या तेथे नोटीस द्यावयाची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावयाचे, दोन्ही बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर अधिकारी व भोगवटादार अशा दोघांच्या सह्या घ्यावयाच्या, एक बाटली मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेकडे तात्काळ रवाना करावयाची आणि भोगवटादाराने मागणी केल्यास दुसरी राज्याच्या जल प्रयोगशाळेकडे धाडावयाची. ही रीत सोडून घेतलेल्या नमुन्याचा अहवाल पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही. ही तजवीज योग्यच आहे. ज्याच्यावर आरोप ठेवावयाचा त्यास आपली कैफियत मांडण्याचे साधन मिळालेच पाहिजे.

वाहत्या ओढ्याची परीक्षा निराळी. विरघळलेला प्राणवायू मोजण्यासाठी बाटली अशी भरतात की बुचाखाली हवेचा एक बुडबुडाही राहू नये. मग काठावरच तीत मँगनीज सल्फेटचे आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर साका पांढराच राहतो. सेंद्रिय घाणीचे मान काढावयास मात्र नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तेथे 27 अंश सेल्सिअस उष्णतामानात 3 दिवस ठेवल्यावर त्यातील जिवाणूंनी किती प्राणवायू खर्ची घातला, यावरून ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ ठरते.

नद्यानाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यास ही मागणी सर्वसाधारणपणे लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत मान्य आहे. स्नानास योग्य अशा पाण्यात ती 3 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. हे दसपटीचे अंतर ठेवले आहे ते नदीत स्वतःचे निर्मळ पाणी पुरेसे असेल आणि सोडलेले सांडपाणी त्यात मिसळून विरळ होईल, या भरवशावर. पण आरे वसाहतीच्या टेकड्यांत उगम पावून गोरेगावातून मालाडच्या खाडीस मिळणारी ओशिवरा नदी घेतली, तर पावसाळा सरल्यावर तिच्या पात्रात स्वतःचे म्हणावे असे पाणी फार थोडे उरते, आणि वाहते ते मुख्यतः वस्त्यांचे मैलापाणी, गोठ्यांतले शेण आणि लहानमोठ्या गाळ्यांतून येणारे धुवण. म्हणून प्रत्येक संमतिपत्रधारकाने आपली मर्यादा कसोशीने पाळली, तरी तेवढ्याने नदी निर्मळ होणार नाही. जी घाण असंख्य मोऱ्यांतून थेंबाथेंबाने येते, तिच्या बाटलीवर भोगवटादार म्हणून सही कोणाची घ्यावयाची?

दुसरी अडचण हद्दींची. टेकडीवरचे रान वनखात्याचे. 1949 साली वसलेली आरे वसाहत मुख्यतः दुग्धखात्याची. खालची गटारे आणि नाले महापालिकेचे. कारखान्यांची तपासणी मंडळाची. आणि सरकारी जमिनीवरील अतिक्रमणे उपनगर जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरातली. प्रत्येक खाते आपल्या हद्दीपुरते दक्ष राहिले तरी नदीचा साकल्याने विचार करणे हे कोणा एकाचे काम ठरत नाही.

एकाच्या ताब्यात पाणलोट राहिला म्हणजे काय होते, हे पाहावयास दूर जावयास नको. दिंडोशीच्या पूर्वेस, त्याच डोंगररांगेत, विहार तलाव 1860 मध्ये आणि तुळशी तलाव 1879 मध्ये पुरा झाला. त्यांच्याभोवतीचे रान पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून राखले गेले, पुढे राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण त्यास लाभले, आणि त्या तलावांचे पाणी शुद्ध करून मुंबई आजही पिते. तोच पाऊस डोंगराच्या पश्चिम उतारावर पडला की अवघ्या काही मैलांत त्याचे गटार होते. पाऊस एक आणि डोंगरही एकच; फरक आहे तो राखणदारीचा.

न्यूझीलंडने हे तत्त्व राज्यकारभारातच उतरविले. तेथे 1989 च्या पुनर्रचनेत प्रादेशिक परिषदांच्या सीमा बव्हंशी नद्यांच्या पाणलोटांना धरून आखण्यात आल्या, आणि 1991 च्या कायद्याने प्रवाहातून पाणी उचलण्याची तसेच त्यात सांडपाणी सोडण्याची परवानगी देण्याचा अधिकार त्याच परिषदांकडे आला. परिणामी परवाना देणारा आणि नदीची नाडी पाहणारा एकच राहिला. तेवढ्याने तेथील सर्व नद्या निर्मळ झाल्या असे नव्हे. गोपालनाच्या वाढीने त्यांतील कित्येक नद्या बिघडल्याच. परंतु बिघाड कोठे व किती आणि जाब कोणास विचारावयाचा, हे तेथे एका दप्तरात सापडते.

आपल्याकडे नवी परिषद निर्माण होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ओशिवऱ्याचे पाणी जेथे जेथे एका खात्याची हद्द ओलांडून दुसऱ्याच्या हद्दीत शिरते, म्हणजे रानाच्या कडेला, आरे वसाहतीच्या वेशीवर, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पुलाखाली, स्वामी विवेकानंद मार्गाशी आणि खाडीच्या तोंडाशी, तेथे दरमहा एकाच दिवशी नमुने घ्यावेत आणि त्यांचे आकडे एका तक्त्यात, मराठीत, लोकांसमोर मांडावेत. वरच्या हद्दीतून पाणी कसे आले आणि खालच्या हद्दीत कसे गेले, या दोन आकड्यांच्या वजाबाकीतच प्रत्येक खात्याची जबाबदारी उघड होईल. ही मागणी करण्याचा हक्क त्या काठावर राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा आहे, आणि तो त्याने बजावला पाहिजे.

पुढील लेखांकात : गोठ्यांचे शेण आणि त्याची विल्हेवाट.